हंड्यावरचं नाव पुसू नका: आजींच्या भांड्यांची नोंद, निगा आणि सोपवणूक

आजी गेल्या की माळ्यावरची भांडी खाली उतरतात आणि घरात पहिला प्रश्न निघतो तो वजनाचा: मोडीत किती येतील? मोडीत पितळ किलोवर जातं. ज्या पातेल्यात आळीतल्या चाळीस लग्नांचा भात शिजला ते पातेलं आणि नळाची तुटकी तोटी तिथे एकाच भावाने मोजली जातात. दोघांत फरक आहे हे सांगायला काहीतरी लिहिलेलं लागतं. म्हणून संग्रह राखायचा असेल तर चिंच आणि पीतांबरी नंतर, वही आणि पेन्सिल आधी.

इथे संग्रह म्हणजे काचेच्या कपाटातला शोभेचा नव्हे. वाड्यात, चाळीत, गावात एखादी आजी किंवा काकू असते, जिच्याकडे मोठी पातेली, पराती, हंडे, समया, ओगराळी, मोदकपात्र, चांगला सोऱ्या हमखास मिळतो. लग्न, मुंज, डोहाळजेवण, मंगळागौर, गणपती, काहीही असलं की लोक तिच्या दाराशी येतात. भांडी तिची असतात आणि वापर सगळ्यांचा. असा संग्रह सांभाळायचा तर धातू टिकवायचा, त्यामागची माहिती टिकवायची आणि देण्याघेण्याची रीतही टिकवायची.

आधी बोलून घ्या, मग भांडी उतरवा

आजी हयात असतील तर हे काम त्यांच्यासमोर करा. रोज तासभर, एका वेळी सात-आठ भांडी, एवढं पुरे. एकदम शंभर नग मांडले की त्या दमतात आणि उत्तरं "हे असंच घेतलेलं" एवढ्यावर येतात. भांडं हातात द्या. ते उचलल्यावर, उलटं करून बुडाकडे पाहिल्यावर जे आठवतं ते नुसत्या विचारण्याने आठवत नाही. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण आधी त्यांना विचारून, आणि दुसऱ्या घरांबद्दलचं काही खासगी बोलणं निघालं तर ते वहीत उतरवू नका.

प्रश्न नेमके हवेत. "याची काही आठवण?" असं विचारू नका. हे माहेरचं की सासरचं? कोणत्या गावच्या कासाराकडून? आणलं तेव्हा घरात कोण होतं? यात काय शिजायचं? शेवटचं कुणाकडे गेलं होतं? बुडाला हा डाग, म्हणजे धातूचा जोड, कशामुळे दिला? शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा, कारण दुरुस्तीची हकिकत बहुतेक वेळा एखाद्या कार्याला जोडलेली असते.

आजी नसतील तर ज्यांनी भांडी नेली-आणली त्या शेजारणींकडे जा. मागायला बायका यायच्या, घासून परत द्यायलाही बायकाच यायच्या, त्यामुळे घरातल्या पुरुषांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. एका भांड्याबद्दल दोघींनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, प्रत्येकीच्या नावानिशी आणि तारखेनिशी.

नाव वाचणं

भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडची रीत हा या संग्रहाचा जीव आहे. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं नाव ना घराच्या पाटीवर आलं, ना जमिनीच्या कागदावर. ते उमटलं ते हंड्याच्या गळ्यावर, ठिपक्याठिपक्यांनी. म्हणून नाव वाचल्याशिवाय आणि त्याचा फोटो घेतल्याशिवाय भांड्याला चिंच लावायची नाही.

पुसट झालेलं नाव समोरून पाहिलं तर दिसत नाही. खोली अंधारी करा आणि टॉर्च भांड्याच्या अंगालगत आडवी धरा. ठोकलेल्या प्रत्येक ठिपक्याला सावली पडते आणि अक्षर उठून येतं. त्याच उजेडात फोटो घ्या. तरीही लागलं नाही तर त्यावर पातळ बटर पेपर घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. खडूची पूड ठिपक्यांत भरून वरून कोरड्या फडक्याने पुसली तरी अक्षरं दिसतात, फक्त नंतर ती पूड मऊ ब्रशने काढायला विसरू नका.

मजकूर जसाच्या तसा उतरवा. ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं असेल तर चुकलेलंच लिहा. नावाआधीची अक्षरं फार महत्त्वाची, कारण ते भांडं बाईच्या आयुष्यात केव्हा आलं ते त्यांवरून कळतं. "चि. सौ. कां." असेल तर भांडं लग्नाच्या वेळचं, बहुधा रुखवतातलं. नुसतं "सौ." म्हणजे संसारात घेतलेलं किंवा भेट आलेलं. "गं. भा." म्हणजे नवरा गेल्यानंतरचं. "कै." आणि पुढे "स्मरणार्थ" असेल तर ते कुणाच्या तरी मागे वाटलेलं किंवा देवळाला दिलेलं. जुन्या भांड्यांवर "भ्र." किंवा "कोम" सापडलं तर त्याचा अर्थ अमक्याची बायको, म्हणजे त्याच्या आधीचं नाव बाईचं आणि नंतरचं नवऱ्याचं. हे माहीत नसलं की वारस दोन्ही मिळून एक पुरुषाचं नाव समजतात आणि बाई नोंदीतूनच गळते.

एकाच भांड्यावर दोन नावं असतील तर गोंधळू नका. माहेरच्या नावाने आलेल्या भांड्यावर सासरी आल्यावर नवं नाव घातलं जाई. किंवा एकीने वापरून दुसरीला दिलेलं असतं. दोन्ही लिहा, आणि कोणतं अधिक झिजलेलं आहे तेही लिहा. जास्त झिजलेलं बहुधा आधीचं.

सालाबद्दल एक खुलासा. "शके" असेल तर त्यात ७८ मिळवा, इंग्रजी साल येतं. पण शक गुढीपाडव्याला बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. "शके १८६८ वैशाख" म्हणजे १९४६, तर "शके १८६८ माघ" म्हणजे १९४७. "संवत" असेल आणि भांडं गुजराती पेढीवरचं असेल तर ५६ किंवा ५७ वजा करा. दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंतची तिथी असेल तेवढी ५७, एरवी ५६, हा हिशोब तिथे चालतो.

धातू ओळखणं

तांबं तांबूस, पितळ पिवळं, एवढं सगळ्यांना येतं. घोळ होतो तो काशात. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण चार भागांना एक भाग. रंग पितळेपेक्षा फिका, किंचित राखी छटेचा. बोटाच्या टिचकीने पितळ थोडं वाजून थांबतं, कासं घंटेसारखं रेंगाळतं. पितळेचं भांडं पडलं तर पोचा येतो, कासं पडलं तर तडा जातो. म्हणून काशाची थाळी-वाटी कधीही इतर भांड्यांच्या ढिगात ठेवू नये आणि विस्तवावर चढवू नये. तडा गेलेलं कासं डाग देऊन नीट जुळत नाही. ते जपायच्या भांड्यांत टाका.

आतून पांढरं दिसणारं सगळं चांदी किंवा स्टील नसतं, ती कल्हई असते. हलकं, मळकट पांढरं भांडं म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, ज्याला घरोघरी "जर्मनचं" म्हणतात. त्याला चिंच-सोडा काही लावू नका, काळं पडतं. लोहचुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. कानस मारून धातू तपासण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

वही

जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, आडव्या रेघांची वही घ्या. एका भांड्याला एक पान. संगणकावर नोंद जरूर करा, पण मूळ वही हाती लिहिलेलीच असू द्या. वीस वर्षांनी फाईल उघडेल याची खात्री नाही, वही उघडते.

पानावर काय हवं: क्रमांक, घरात त्याला काय म्हणतात ते नाव, धातू, उंची, तोंडाचा व्यास, वजन, किती लिटर पाणी मावतं, कोरलेला मजकूर, कुठून आलं, कशाला वापरलं, दुरुस्त्या, आजची अवस्था, आणि माहिती कुणी केव्हा दिली. घरातलं नाव बदलू नका. कुणाकडे तपेली तर कुणाकडे सतेलं, कुणाकडे चरवी तर कुणाकडे कासंडी. तुमच्या घरचा शब्द लिहा, कंसात पुस्तकी शब्द घालून तो सुधारू नका.

वजनासाठी रद्दीवाल्याकडे असतो तसा टांगायचा काटा पुरतो. पाणी किती मावतं हे एक लिटरच्या मापाने ओतून मोजा, काठापासून दोन बोटं खाली थांबा. हा आकडा पुढे भांडं देताना फार कामाला येतो. एक किलो तांदळाचा मोकळा भात करायला, उकळी आणि ढवळायची जागा धरून, सुमारे ५ लिटरचं भांडं लागतं. म्हणजे १० किलो तांदूळ असतील तर ५० लिटरचं. भांडं मागायला आलेल्याला "मोठं पातेलं" देण्याऐवजी हा हिशोब दिला की उतू जाणं आणि करपणं दोन्ही वाचतं.

शेर, पायली, अधोली, मापटं, चिपटं अशी धान्याची मापं असतील तर त्यांना स्वतंत्र पानं द्या. २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, २ शेरांची अधोली, ४ शेरांची पायली, हे नातं ठरलेलं. पण पायलीचा आकार गावोगावी वेगळा. तेव्हा तुमच्या मापात तांदूळ किती मावतात ते प्रत्यक्ष मोजून लिहा. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शेर-पायली बाजारातून कायद्याने गेली, त्यामुळे मापावर तपासणीचा ठसा असेल तर तो भांड्याच्या वयाचा चांगला पुरावा असतो. त्याचा फोटो जवळून घ्या.

फोटो एकेकाचे चार: पूर्ण भांडं, बूड, कोरलेला मजकूर, सांधा किंवा मोडतोड. पांढरी चादर, खिडकीतला सावलीचा उजेड, फ्लॅश बंद. शेजारी शाळेतली पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो.

क्रमांक भांड्यावर कसा लावायचा? स्टिकर नको. त्याचा डिंक वर्षभरात धातूवर चौकोनी डाग ठेवून जातो. रबरबँडही नको, रबरातल्या गंधकाने तांब्यापितळेवर काळी रेघ उमटते. सुती दोऱ्याला जाड कागदाची चिठ्ठी बांधा, पेन्सिलने लिहा. पेन्सिल दमट हवेत फुटत नाही, शाई फुटते.

घासणं, आणि जास्त न घासणं

सगळं लखलखीत करण्याचा मोह आवरा. प्रत्येक घासणीने धातूचा एक पातळ थर जातो आणि नाव तेवढं उथळ होतं. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा पुरे. मशीनवर बफिंग तर मुळीच नको. दुकानातून भांडं सोन्यासारखं परत येतं आणि नावाच्या जागी गुळगुळीत पितळ उरतं.

एका कळशीला लिंबाएवढी चिंच, साधारण ३० ग्रॅम, कपभर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. कोळ करून त्यात एक चमचा बारीक मीठ. कोकणात आणि गोव्यात याच कामाला आमसुलं किंवा बिंबलं घेतात, तीही उत्तम. मऊ सुती चिंधीने किंवा नारळाच्या मऊ काथ्याने चोळा. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त लावून ठेवू नका. धुतल्यावर एक लिटर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून त्याने एकदा विसळा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच कोरड्या पंचाने पुसा. अर्धा तास उन्हात ठेवा, गळ्याच्या आतली ओल निघाली पाहिजे.

सोड्याचं विसळणं वगळू नका. आंबट आणि मीठ सांध्यांत, ठिपक्यांत उरलं की आठ दिवसांत तिथे हिरवा जंगाल चढतो, आणि मग लोक म्हणतात की चिंचेने भांडी बिघडतात. चिंच रात्रभर लावून ठेवल्यास पितळेवर गुलाबी डाग पडतात. आंबटाने पितळेतलं जस्त निघून गेलं आणि वर तांबं उरलं, असा त्याचा अर्थ. हे डाग पुन्हा पिवळे होत नाहीत.

जंगाल आधीच असेल तर नाकाला फडकं बांधून बांबूच्या काडीने कोरडाच खरवडा, नंतर वरच्या पद्धतीने धुवा. तो पोटात जाता कामा नये, तेव्हा हे काम ओट्यावर नको, अंगणात. पुन्हापुन्हा त्याच जागी भुरभुरीत फिकट हिरवं येत राहिलं तर क्षार धातूत मुरलेला आहे. ते भांडं बाकीच्यांपासून वेगळं, अगदी कोरड्या जागी ठेवा.

समया आणि लामणदिवे यांचं दुखणं वेगळं, तेलाचं कीट. तव्यावर किंवा विस्तवावर धरून कीट जाळू नका, सांधे सुटतात. एक लिटर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवा, सकाळी काडीने कीट लोण्यासारखं निघतं. हातमोजे घाला. समईचे भाग सोडवताना आटे अडले तर गरम पाणी ओता, थेंबभर तेल सोडा, पण पकड लावू नका. हाताने पाडलेले आटे एका समईचे दुसरीला बसतीलच असं नाही, म्हणून प्रत्येक समईचे भाग एकाच पिशवीत.

एकात एक रुतून बसलेली पातेली हा हमखास प्रकार. ठोकून काढली की दोन्हीला पोचे येतात. आतल्या पातेल्यात बर्फाचं पाणी भरा, बाहेरचं कोमटाहून जास्त गरम पाण्याच्या टबात ठेवा. बाहेरचं प्रसरण पावतं, आतलं आकसतं, आणि हलकेच पिळलं की सुटतं. पहिल्यांदा नाही सुटलं तर पुन्हा करा.

कल्हई

तांब्यापितळेच्या ज्या भांड्यात शिजवायचं त्याला कल्हई हवीच. आंबट पदार्थ धातू ओढून घेतात, ताक हिरवट होतं, आमटीला तुरट धातूची चव येते. आपल्याकडे त्याला कळकणं म्हणतात. कळकलेलं खाऊन मळमळ, उलट्या होतात, म्हणून कार्याच्या भांड्यांबाबत ढिलाई करू नका. एका पातेल्याने पंगत आजारी पडू शकते.

कल्हई लागते कशी ते माहीत असलं की कामावर नजर ठेवता येते. आधी भांडं आतून पूर्ण स्वच्छ आणि कोरडं. मग भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड भुरभुरायची. तिचा पांढरा धूर होतो आणि तीच धातूवरचा शेवटचा मळ उचलते. त्यावर कथलाची कांडी टेकवली की ती वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने ती चपळाईने सगळीकडे फिरवायची. शेवटी पाण्यात बुडवायचं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे ताव जास्त झाला तर ते जळून पिवळट-काळपट होतं, कमी झाला तर गोळे राहतात. ठिपके-ठिपके उरले तर आतली सफाई नीट झालेली नव्हती. पुन्हा करून मागा, लाजू नका.

कथील शुद्ध आहे ना, हे पाहायचं. त्यात शिसं मिसळलेलं असेल तर ते अन्नात उतरतं. कांडी पांढऱ्या कागदावर घासा. शिसं असेल तर पेन्सिलीसारखी ठळक काळी रेघ उमटते. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. दोन्ही परीक्षा कल्हईवाल्यासमोर करायला हरकत नाही. जाणकार माणूस रागावत नाही.

रोजच्या वापरात कल्हई चार-सहा महिने टिकते, कार्यापुरत्या भांड्यांना त्याहून पुष्कळ जास्त. आतून पिवळं किंवा तांबूस दिसायला लागलं की वेळ झाली. कल्हईच्या भांड्यात रिकामं तापवून फोडणी घालू नका, रिकामं पातेलं २३२ अंश बघताबघता ओलांडतं. आतून तारेची घासणी नको, कालथा लाकडी.

जुने डाग बऱ्याचदा शिशाच्या मिश्रणाने दिलेले असतात. आतल्या अंगाला असा करडा, मऊ, नखाने ओरखडा उठणारा डाग दिसला तर ते भांडं शिजवण्यातून बाद करा. फुलं, पाणी शिंपडणं, शोभा यांना चालेल. आणि बंबात पाणी नसताना निखारे घातले तर त्याचे सांधे सुटतात, हे बंब मागून नेणाऱ्याला प्रत्येक वेळी सांगा.

पोचे काढायचे तर तांबटाकडेच द्या. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे ठोक्याचं, मठारकामाचं, म्हणजे हातोडीच्या ठशांचं, काम पिढ्यानपिढ्या चालत आलं. देतानाच सांगा की मठार सपाट करू नका आणि नावाच्या पट्ट्यावर हातोडी नको. कागदावर लिहून भांड्याला बांधलं तर आणखी बरं.

ठेवणं

धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. वर्तमानपत्र नको, ते ओल धरतं. प्लॅस्टिकची घट्ट पिशवी पावसाळ्यात आतून घाम सोडते. लोणच्याच्या बरण्या, मीठ, चिंच एकाच फडताळात नकोत. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत हे अधिकच पाळावं लागतं. रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमारास एकदा आणि दसऱ्याआधी एकदा सगळं उलगडून पाहा. जड हंडा माळ्यावर चढवू नका, उतरवताना निसटला की हंडाही जातो आणि पायही.

देणंघेणं चालू ठेवणं

भांडी वेगळी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वापरातली घरात राहतील. तडे गेलेली, नाव पुसट होत चाललेली, जुन्या डागांची भांडी जपायची. आणि धडधाकट मोठी भांडी, झाकणांसह, देण्याघेण्याची. शेवटच्या गटात भावनेपोटी नाजूक भांडं घालू नका. आजींनी स्वतःही ते कुणाला दिलं नसेल.

आजींची रीत बहुतेक वेळा तोंडी असते. ती कागदावर आणा. देताना नग मोजून, झाकणं आणि ओगराळी धरून लिहायचे, दोघांच्या सह्या, फोनवर एक फोटो. परत येताना आतून पाहायचं: कल्हई, नवा पोचा, बुडाची काजळी. घासून, कोरडं करूनच परत घ्यायचं. भाडं घेऊ नये. आजींनी घेतलं नव्हतं, आणि भाडं आलं की शेजारधर्म दुकान होतो. त्याऐवजी कल्हईचा डबा ठेवा, ज्याला जे जमेल ते त्यात टाकावं, आणि डब्याचा हिशोब त्याच वहीत मागच्या पानांवर. महिला मंडळ किंवा बचत गट ही जबाबदारी घ्यायला तयार असेल तर दोघींकडे किल्ली द्या. एकटीवर पडलं की दोन वर्षांत थकवा येतो आणि भांडी एका घरात अडकतात.

सोपवणं

माहेरून आलेलं, भेट मिळालेलं, स्वतः घेतलेलं हे बाईचं स्वतःचं असतं. हिंदू वारसा कायद्याच्या, १९५६च्या, चौदाव्या कलमाने ती त्याची पूर्ण मालक. म्हणजे भांड्यांचं काय करायचं ते आजींनाच विचारायचं आणि त्यांनीच ठरवायचं. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, नोंदणी सक्तीची नाही. त्यात "सर्व भांडी" असं न लिहिता वहीतले क्रमांक लिहा. आजी आधीच गेल्या असतील तर मुलं, मुली आणि आजोबा हयात असतील तर तेही, अशा सगळ्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय मंडळाला, देवळाला वा संग्रहालयाला काही देऊ नका. मुलींना विचारायचं राहून जातं, आणि गंमत म्हणजे भांड्यांची सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच असते.

संग्रहालयाला द्यायचं मनात असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आधी एकदा जाऊन या. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२०च्या सुमारास रोजच्या घरातल्या वस्तू, म्हणजे दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, गोळा करायला सुरुवात केली आणि पुढे तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. घरगुती भांड्याचं मोल कशात आहे हे तिथे डोळ्यांनी दिसतं. पण कोणतंही संग्रहालय चाळीस हंडे घेत नाही. एखादं वेगळं, नाव-साल असलेलं आणि हकिकतीसह आलेलं भांडं घेतं. बक्षीसपत्र करा, सोबत वहीतल्या त्या पानाची प्रत जोडा, आणि वस्तू मांडली नाही तरी नोंदीत आजींचं नाव राहील असं लिहून घ्या. बाकीच्यांसाठी गावची शाळा किंवा वाचनालयात वर्षातून एक दिवस मांडामांड पुरते. प्रत्येक भांड्याजवळ वहीतल्या दोन ओळी लावा आणि कोरी पानं ठेवा. "हे आमच्या घरी आलं होतं" असं सांगणाऱ्या बायका तिथेच भेटतात, आणि त्या पानांनी वही जाड होत जाते.

परदेशातल्या मुलांना आठवण म्हणून न्यायचं असेल तर साल बघा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नाही, पण दिसायला तशी आहे, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला निघण्याआधी ती बॅगेत घालू नका.

वहीच्या तीन प्रती हव्यात: एक घरात, एक मंडळाकडे, एक गावाबाहेर राहणाऱ्या मुलीकडे. आणि मंडळाला भांडी दिल्यावर त्यावर मंडळाचं नाव घालायची घाई होतेच. ते जरूर घाला, पण बुडाच्या बाहेरच्या कडेला, लहान अक्षरात. गळ्यावर आजींचं नाव आहे तो पट्टा तसाच सोडा.